महापालिकेच्या पत्रकार कक्षातील रिकामी खुर्ची

महाडचे नाव निघाले की आंबेडकरी माणसाच्या डोळ्यांपुढे २० मार्च १९२७ चा दिवस उभा राहतो. बाबासाहेबांच्या ओंजळीतले चवदार तळ्याचे पाणी, त्यांच्या मागोमाग तळ्यात उतरलेले हजारो बांधव आणि त्यानंतर जेवणाच्या मंडपावर झालेला लाठ्याकाठ्यांचा हल्ला. दरवर्षी आम्ही महाडला जातो, क्रांतिस्तंभाला अभिवादन करतो आणि भाषणे ऐकून घरी येतो. परंतु ते तळे होते कोणाचे, असा साधा प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांना विचारून पाहा. चांगले चांगले वक्ते विचारात पडतात.

तळे महाडच्या नगरपालिकेचे होते. ते कोणा सावकाराचे किंवा देवस्थानाचे नव्हते. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला, तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, त्याची नोंद झाली आणि दप्तर कपाटात गेले. पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी मिळाले नाही. कागदावर तळे खुले होते आणि काठावर जात उभी होती. बाबासाहेब महाडला गेले ते नगरपालिकेच्या त्या कागदाची अंमलबजावणी करायला. महाडचे नगराध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस या लढ्यात बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले, हेही त्यामुळेच समजून घेतले पाहिजे.

पुढचा भाग तर आणखी बोलका आहे. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, म्हणजे ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सनातन्यांनी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. तो दावा पुढे दहा वर्षे चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल दिला. म्हणजे आमच्या चळवळीचा पहिला महासंग्राम एका नगरपालिकेच्या तीन पानांचा संग्राम आहे. एक ठराव करण्याचे पान, दुसरे न पाळण्याचे आणि तिसरे तो रद्द करण्याचे. ही तिन्ही पाने बाबासाहेबांनी डोळ्यांत तेल घालून वाचली होती. महाडच्या सत्याग्रहानंतर पंधरा दिवसांच्या आत, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला, तो काही योगायोग नव्हता. पालिकेत काय ठरते, ते का पाळले जात नाही आणि ते कोण फिरवतो, हे लिहिणारे पत्र आपल्या हातात असल्याशिवाय लढा पुढे जात नाही, हे त्यांनी जाणले होते.

जोतीरावांचा एकटा हात

बाबासाहेबांच्या आधी त्यांचे गुरू महात्मा जोतीराव फुले यांनी हीच गोष्ट पुण्यात केली होती. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय सभेपुढे आला. शहरातले मोठे मोठे सभासद माना डोलावत होते. विरोधात मत दिले ते जोतीरावांनी. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दलही त्यांनी त्याच सुमारास नगरपालिकेला जाब विचारला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले 'दीनबंधू' सत्यशोधकांच्या हाताशी होते. सभागृहात जाब विचारणारा एक माणूस आणि बाहेर तो जाब छापणारे एक पत्र, अशी ही जोडी होती.

ही परंपरा आम्ही जयंतीच्या भाषणांत सांगतो. पण आज आपल्या शहरातल्या महापालिकेच्या पत्रकार कक्षात जाऊन पाहा. स्थायी समितीची सभा चालू असते, चहा फिरत असतो, दहा-बारा वार्ताहर बसलेले असतात. त्यात आपल्या वस्तीतून आलेला, आपल्या दैनिकासाठी रोज लिहिणारा वार्ताहर किती ठिकाणी दिसतो? खुर्ची असते, पण ती बहुतेक वेळा रिकामी असते.

इतरांनी रिकामी ठेवली, आम्हीही भरली नाही

मोठ्या माध्यमांनी ही खुर्ची आमच्यासाठी कधीच राखली नव्हती. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, हे सर्वश्रुत आहे. १९९६ साली बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराला एका परदेशी वार्ताहराने दिल्लीतल्या एखाद्या दलित पत्रकाराचे नाव विचारले. उनियाल यांनी अधिस्वीकृतीधारक पत्रकारांच्या याद्या चाळल्या, ओळखीपाळखीत विचारले, पण त्यांना एकही सापडला नाही. २००६ साली दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ वरिष्ठ पदांची पाहणी झाली. तीत अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस आढळला नाही. २०१९ साली पुन्हा पाहणी झाली. वृत्तसंस्थांच्या नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते आणि अनुसूचित जाती-जमातीचे शून्य. तेवीस वर्षांत तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

हे सर्व खरे आहे आणि आम्ही ते शंभरदा लिहिले आहे. परंतु आज आम्हाला दुसरी बाजू मांडायची आहे. मनुवादी माध्यमांनी आम्हाला घेतले नाही, तर आम्ही आमच्या पत्रांत काय केले? आमची पाने उघडून पाहा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, गटाचा मेळावा, दुसऱ्या गटाचा प्रतिमेळावा, धम्मपरिषदेचे वृत्त, व्यासपीठावरील मान्यवरांची अर्धा कॉलम नावे. दिल्लीच्या राजकारणावर आमचा कोणीही लेखक एका बैठकीत दोन हजार शब्द लिहितो. पण ज्या वस्तीत त्याचे घर आहे, त्या वस्तीच्या ड्रेनेजलाइनसाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती तरतूद होती, त्यातली किती खर्च झाली आणि उरलेली कुठे वळवली, हे त्याला सांगता येत नाही. दोष आमचाही आहे. आम्हीही याच पानांवर लिहितो, म्हणून हे आधी आम्ही स्वतःला विचारतो.

एका वार्ताहराची गोष्ट

आमच्या परिचयाचा एक वार्ताहर आहे. आईने लोकांची धुणीभांडी करून शिकवलेला, वस्तीतल्या विहारात अभ्यास करून पदवीधर झालेला मुलगा. एका मोठ्या दैनिकाच्या शहर आवृत्तीत तो लागला. पहिली चार वर्षे त्याला ठरलेली कामे मिळाली. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची गर्दी, समाजकल्याण खात्याच्या प्रेसनोटा, वसतिगृहातल्या मुलांचे उपोषण. महापालिकेची बीट मागितली की साहेब म्हणायचे, 'अरे, तुला तुमच्या लोकांतल्या बातम्या चांगल्या जमतात.' म्हणजे शहर त्यांचे आणि वस्ती तेवढी आमची. शहराचे बजेट, शहराचा विकास आराखडा, शहराचे पाणी, हे विषय ज्याचे शहर त्यानेच लिहायचे, अशी ही वाटणी होती.

पाचव्या वर्षी महापालिकेचा वार्ताहर नोकरी सोडून गेला आणि तात्पुरती म्हणून ती बीट याच्याकडे आली. याने पहिले काम केले ते नगरसचिव कार्यालयात जाऊन जुन्या विषयपत्रिका वाचण्याचे. प्रेसनोटमध्ये जे असते ते सर्वांनाच मिळते. विषयपत्रिकेत जे असते ते वाचणाऱ्याला मिळते. आणि ऐनवेळचे विषय म्हणून सभेच्या शेवटच्या दहा मिनिटांत जे मंजूर होते, ते शेवटपर्यंत बसून राहणाऱ्याला मिळते. बाकीचे कार्यालयात बातमी द्यायला पळायचे तेव्हा हा बसून राहायचा.

एके दिवशी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिशीत त्याला एक सर्व्हे नंबर दिसला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली आरक्षण बदलाची ती नोटीस होती. शाळा आणि क्रीडांगणासाठी राखलेला भूखंड निवासी विभागात घेण्याचा प्रस्ताव होता आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना दिला होता. सर्व्हे नंबर नकाशावर ताडून पाहिला तेव्हा लक्षात आले की हा तर आपल्याच वस्तीच्या मागचा माळ. याच माळावर तो लहानपणी खेळला होता. वस्तीतल्या कोणालाही तिथे शाळेचे आरक्षण आहे हेच ठाऊक नव्हते, मग ते उठते आहे हे कसे कळणार?

त्याने बातमी दिली. आत, सातव्या पानावर, आठ ओळी छापून आल्या. पण त्या आठ ओळींची कात्रणे विहाराच्या फळ्यावर लागली. बायाबापड्यांनी, रिक्षावाल्यांनी, शाळेतल्या पोरांनी हाताने हरकती लिहिल्या. मुदत संपायच्या आत गठ्ठे घेऊन माणसे नगररचना विभागात गेली. नंतर विषय सभेपुढे आला तेव्हा गॅलरी भरलेली होती. विषय आधी तहकूब झाला, पुढे दप्तरी दाखल झाला. माळ वाचला. सहा महिन्यांनी मात्र आमच्या या वार्ताहराची बीट बदलली. जाहिरात विभागाकडून तक्रार आली होती, एवढेच त्याला सांगण्यात आले. कोणाची तक्रार, कसली तक्रार, हे कोणी बोलले नाही. त्या पत्राचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण ही गोष्ट कोणा एकाच पत्राची नाही.

या गोष्टीत मोर्चा नाही, घोषणा नाही, कोणी नेता नाही. आठ ओळी आहेत आणि त्या वेळेत छापल्या गेल्या आहेत. महिन्यानंतर आल्या असत्या तर मोर्चा काढूनही उपयोग झाला नसता.

कुठे पाहायचे?

आमचे तरुण विचारतात, महापालिकेत लिहिण्यासारखे असते काय? गटार, दिवे आणि नगरसेवकांची भांडणे! आम्ही त्यांना चार ठिकाणे सांगतो.

पहिले ठिकाण अंदाजपत्रक. फेब्रुवारी-मार्चमध्ये आयुक्तांचे अंदाजपत्रक येते तेव्हा सर्व पत्रे उड्डाणपूल आणि मेट्रोचे मथळे देतात. आपल्या वार्ताहराने वस्ती सुधारणेची लेखाशीर्षे काढावीत. गेल्या वर्षीची तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. तरतूद फुगलेली आणि खर्च रोडावलेला, असे चित्र दिसले की बातमी तयार झाली. वर्षाच्या अखेरीस वर्गीकरणाच्या नावाखाली एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवले जातात. आपल्या वस्तीच्या शौचालयाचे पैसे कोणाच्या सोसायटीसमोरच्या फरशीला गेले, हे त्या प्रस्तावांतच लिहिलेले असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावे बदलली हे चांगलेच झाले. पण पाटी बदलली म्हणून नळाला पाणी आले का, हे कोणी तपासायचे?

दुसरे ठिकाण विकास आराखडा. शहराची पुढची वीस वर्षे या नकाशावर ठरतात. शाळा कुठे, दवाखाना कुठे, स्मशानभूमी कुठे, कचरा डेपो कोणाच्या उशाला. मुंबईचा प्रारूप आराखडा २०१५ च्या सुरुवातीला जाहीर झाला तेव्हा त्यातल्या ढोबळ चुका वृत्तपत्रांनी आणि नागरिकांनी दाखवून दिल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये सरकारला तो गुंडाळून नव्याने करायला लावावा लागला. नवा आराखडा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. म्हणजे वाचणारे आणि लिहिणारे असले की नकाशा बदलतो. याच कायद्यातले कलम १२७ आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन पालिकेने घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. नोटिशीनंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण आपोआप उठते. आरक्षण उठवायला कोणाला सभागृहात हात वर करावा लागत नाही. फाइल टेबलावर झोपवली की पुरे. झोपलेल्या फायलीची बातमी करणारा वार्ताहर असेल तरच ती जागी होते.

तिसरे ठिकाण सफाईचा ठेका. शहर स्वच्छ कोण ठेवतो, हे सांगायला आम्हाला कोणत्याही अहवालाची गरज नाही. कायम कामगार कमी करून ठेकेदार आणले आणि कामगाराला 'स्वयंसेवक' म्हणून त्याची मजुरी बुडवण्याचे प्रकार मुंबईत झाले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कागद जमवून लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी याच सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्याने टिपले तेव्हा सभ्य मुंबईला आपल्या मैल्याखाली माणूस आहे हे दिसले. गटारात गुदमरून कोणी मेला की दुसऱ्या दिवशी 'अपघाती मृत्यू' अशी चार ओळींची बातमी येते. आपल्या वार्ताहराने पाचवी ओळ लिहावी. काम कोणत्या ठेक्यातले होते? कामाचा आदेश कोणाच्या सहीचा होता? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. त्याखाली गुन्हा नोंदवला का? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. या घरी ते पैसे पोहोचले का? पाचवी ओळ लिहिली की 'अपघात' हा शब्द टिकत नाही.

मुंबईतल्या देवनारचे कचऱ्याचे मैदान १९२७ पासूनचे म्हणून सांगतात. म्हणजे ज्या साली बाबासाहेब नगरपालिकेच्या तळ्यावर पाण्यासाठी उभे होते, त्याच साली दुसऱ्या एका महापालिकेने शहराचा कचरा कुठे टाकायचा हे ठरवले. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली, धूर साऱ्या शहरावर पसरला आणि मग सर्व माध्यमे गोवंडीच्या वाटेने धावली. धूर त्यांच्या खिडकीत शिरला म्हणून ती बातमी झाली. गोवंडीतली लेकरे तो धूर आधीपासून गिळत होती, त्याची बातमी कोणी रोज दिली नव्हती.

शहर वाढते, म्हणजे कोण वाढते?

चौथे ठिकाण शहराची हद्द. शहरे भराभर वाढत आहेत. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावे आली, २०२१ साली आणखी २३ आली. गाव महापालिकेत येणार म्हटले की जमिनीचे भाव चढतात, रस्त्याच्या आखणीच्या चर्चा सुरू होतात, फार्महाऊसवर बैठका होतात. पण प्रत्येक गावाला एक बौद्धवाडा असतो, एक मातंगवस्ती असते, गायरान असते आणि पुष्कळ गावांना महार वतनाची जमीन असते. तिचे काय होते?

वतन ही गुलामगिरी आहे असे सांगून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. सरकारी परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. कागदावर हे संरक्षण आहे. प्रत्यक्षात शहर जवळ आले की निरक्षर वारसांचे अंगठे, कुलमुखत्यारपत्रे आणि दलालांच्या मोटारी तिथे पोहोचतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार चव्हाट्यावर आला आणि सरकारला चौकशी लावावी लागली. राज्यभर त्याची चर्चा झाली, कारण त्यात बड्या घराण्याचे नाव आले. आमचा प्रश्न असा आहे की ज्या व्यवहारांत बडे नाव नसते, दोन एकर आणि पाच एकर असतात, त्यांची चर्चा कोण करणार? सातबारा वाचता येणारा, फेरफार पाहणारा, तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आठवड्यातून एकदा चक्कर मारणारा वार्ताहर जर आपल्याकडे असेल, तर एक एक एकर वाचेल. तो नसेल तर टॉवर उभा राहिल्यावर त्याच्यासमोर धरणे धरायला आम्ही जाऊ.

सभागृह बंद होते तेव्हा

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. बाराव्या परिशिष्टात नगररचना, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा आणि दुर्बल घटकांच्या हितांचे रक्षण असे १८ विषय आले. अनुसूचित जातींना आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या. आपल्या कितीतरी आयाबहिणी त्यामुळे सभागृहात पोहोचल्या. परंतु मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्याच सुमारास राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुका झाल्या नाहीत. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या काळात स्थायी समिती म्हणजे एक अधिकारी आणि महासभा म्हणजेही तोच अधिकारी. प्रस्ताव त्याचा, मंजुरीही त्याचीच. विरोधी बाकच नव्हता, मग जोतीरावांचा तो एकटा हात कुठून वर होणार? अशा वेळी वार्ताहर हाच उरलेला विरोधी बाक असतो. पण सभाच होत नसल्यामुळे बहुतेक वार्ताहर प्रेसनोटवर जगू लागले आणि ती सवय सभागृह उघडले तरी लवकर मोडत नाही.

आपल्या माणसाचीही बातमी

आता कडू बोलतो. आपला वार्ताहर महापालिकेत बसला की त्याची पहिली परीक्षा परके नव्हे, आपलेच घेतील. राखीव प्रभागातून निवडून आलेला नगरसेवक आपला असतो, विहाराच्या कामाला त्याने वर्गणी दिलेली असते, जयंतीच्या कमानीवर त्याचा फोटो असतो. त्याच्याच भाच्याच्या नावावर वस्तीतल्या शौचालयाचा ठेका असला तर? वार्ताहराने ते लिहिले की 'समाजद्रोही' हा शिक्का तयार असतो. आम्ही स्पष्ट सांगतो, ज्या दिवशी आपल्या माणसाची चूक आपले पत्र छापणार नाही, त्या दिवशी ते पत्र चळवळीचे राहणार नाही. ते कोणाच्या तरी घरचे होईल. बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध घटना समितीत दिलेला इशारा आम्ही २५ नोव्हेंबरला वाचतो, तो नगरसेवकालाही लागू आहे.

दुसरी कडू गोष्ट पैशाची. आमच्या पत्रांतले बहुसंख्य वार्ताहर मानधनावर आहेत, कित्येकांना तेही मिळत नाही. वर त्यांना वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायला सांगितले जाते. ज्या नगरसेवकाकडे सकाळी जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी लिहायची? हे आम्हाला समजते आणि तरीही आम्ही ते चालू ठेवले आहे. शहरातल्या नोकरदार बांधवांनी, अधिकाऱ्यांच्या संघटनांनी, जयंती मंडळांनी मनावर घेतले तर एका शहरात एका वार्ताहराचा पगार निघणे अवघड नाही. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका वार्ताहराचे काही महिने निघतात. मूकनायक काढताना बाबासाहेबांना शाहू महाराजांनी मदत केली होती. आज प्रत्येक शहरात पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक असे हजारो आहेत. त्यांनी आपापल्या परीने शाहू व्हावे.

आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक शहरात आपल्या पत्राने आठवड्याला एक पान महापालिकेला द्यावे. प्रत्येक विहारात त्या महिन्याच्या विषयपत्रिका आणि जाहीर नोटिशी लावाव्यात. माहिती अधिकार कायदा २००५ चे कलम ४ पालिकेला आपणहून माहिती उघड करायला सांगते, त्याचा आग्रह धरावा. वकिली, अभियांत्रिकी, लेखाशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी वार्ताहराला कागद समजावून सांगावेत. आणि मुलींनी या बीटवर यावे, कारण पाण्याच्या रांगेत कोण उभे असते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

शेवटी पुन्हा महाडकडे येतो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने ठराव फिरवला तेव्हा सत्ताधाऱ्यांना वाटले असेल की विषय संपला, दप्तर बंद झाले. परंतु ते वाचणारा आणि लिहिणारा माणूस बाहेर उभा होता, म्हणून ते दप्तर दहा वर्षांनी उच्च न्यायालयात उघडावे लागले. आज तुमच्या शहराच्या महापालिकेत कोणता ठराव फिरवला जात आहे? पुढच्या सभेची तारीख कोणती? विषयपत्रिकेत तुमच्या वस्तीचा सर्व्हे नंबर आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे तुमच्या शाखेत कोणालाच माहीत नसतील, तर उद्याच एक तरुण किंवा तरुणी निवडा, हातात वही द्या आणि पत्रकार कक्षातल्या त्या रिकाम्या खुर्चीवर पाठवा.

जय भीम!